शेषरावांचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना टेस्ट लॅम्प आहे. नाव इंग्रजी असलं तरी जन्म अस्सल मलकापूरचा. मोठ्या रस्त्यालगतच्या गॅरेजात जानराव मिस्त्रींनी मला स्वतःच्या हातानं घडवलं. भंगारातल्या मोटारीचा बल्ब, दोन हात वायर, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्या टोकाला सायकलची तार घासून केलेली सुई, एवढाच माझा संसार. चिमटा लोखंडाला लावून सुई वायरला टोचली, की वीज असेल तर मी पेटतो, नसेल तर गप्प बसतो. खोटं बोलणं मला जमतच नाही. त्याचा थोडा गर्वही आहे, कशाला लपवू?

महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. दसरा नुकताच सरला होता. एका सकाळी नारायणरावांचा ट्रक गॅरेजात आला. रेल्वे फाटकापाशी मागच्या गाडीनं त्याला ठोकर दिली होती, कारण ब्रेक दाबूनही मागचा लाल दिवा लागलाच नव्हता. तीन बल्ब बदलले, तरी तो लागेना. दिवा बिघडलेला ठाऊक असून शेषराव ड्रायव्हर गाडी हाकत राहिले, असं मालकांनी ठरवून टाकलं. दसऱ्याआधी तो चांगला लागत होता, हे शेषरावांचं सांगणं ते ऐकूनच घेईनात.

“शेषराव, चाबी द्या इकडे,” नारायणराव म्हणाले. “आता तुमच्यावर भरोसा राह्यला नाही.”

बारा वर्षं सांभाळलेली चाबी शेषरावांनी सदऱ्याला पुसून मालकांच्या हातावर ठेवली. मला फार वाईट वाटलं.

“मालक, जरा थांबा,” जानराव म्हणाले. “माह्या दिव्याले इचारू.”

त्यांनी शेषरावांना ब्रेक दाबून धरायला सांगितला. माझा चिमटा ट्रकच्या सांगाड्याला लावला, सुई लाल दिव्याच्या वायरला टोचली. मी झकास पेटलो. मग चिमटा काढून दिव्याच्या पत्र्याच्या डबीला लावला, तर मी विझलो. हे खेळणंच बिघडलंय, असं नारायणराव म्हणाले. मला खेळणं म्हणाले! जानराव मात्र हसले. वीज दिव्यापर्यंत येते, पण परत जायला तिला लोखंडाची वाट हवी, ती कुणीतरी अडवली आहे, असं त्यांनी समजावलं. दिवा खोलला, तर त्याच्या बुडाशी हिरव्या रंगाचा जाड थर. रंगातून वीज कशी जाणार?

“हा मांगून रंग कोनं देल्ला?” जानरावांनी विचारलं.

खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, म्हणून नारायणरावांनीच हौसेनं दिवा खोलून रंग फासला होता आणि रंग ओला असतानाच दिवा परत बसवला होता.

“मीनंच,” ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले.

जानरावांनी कानशीनं रंग खरवडून दिवा बसवला. शेषरावांनी पाय दाबला आणि लाल दिवा लखलखला. नारायणरावांनी स्वतः जाऊन चाबी त्यांच्या हातात ठेवली.

“चुकलं माहं, शेषराव. गाडी तुमचीच. आन् रंगाचा डबा बी तुमच्याच ताब्यात ठेवा.”

शेषराव डोळे पुसत हसले. त्या दिवशी जानरावांनी मला फडक्यानं दोनदा पुसलं.

पुढे वीज मोजायचं काट्याचं मीटर आलं आणि मी खिळ्यावर लटकलो. अंगावर धूळ साचली, पण सुई अजून टोकदार आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या अवजारांवरून अधूनमधून फडकं फिरवा. आणि काही बिघडलं, तर जवळच्या माणसावर आळ घेण्याआधी आपल्या हातचं काम एकदा खरवडून पाहा.