न विचारता टिपलेली गिरकी

तीन वर्षं लागोपाठ उत्तेजनार्थ! पहिलं नाही, दुसरं नाही, तिसरंसुद्धा नाही. उत्तेजनार्थ म्हणजे काय, तर बाई, तुझ्यात फारसं काही नाही, पण तुझं मन कशाला मोडा. मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र मी घरी आणून सरळ कात्र्यांच्या खणात कोंबलं. आमच्या फोटोग्राफर संघाची ही वार्षिक स्पर्धा. बाकीचे सगळे लग्नंवाले, जाहिरातीवाले, वर्तमानपत्रवाले. आणि मी पासपोर्टवाली. "मान सरळ, हनुवटी खाली, हसू नका," हे दिवसातून चाळीस वेळा म्हणणारी. मला एकदा, फक्त एकदा, पहिलं यायचं होतं. बास.

आमचं दुकान म्हणजे एक लांबलचक खोली. पुढच्या अर्ध्यात माझा स्टुडिओ: पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. मधे फळ्यांची आडभिंत. मागच्या अर्ध्यात सासूबाईंचं शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि पुरुषभर उंचीचा आरसा. मी त्यांना आई म्हणते. चाळीस वर्षं त्या लग्नाचे पोशाख शिवतायत. उजेड कसा बघायचा हे मला खरं तर त्यांनीच शिकवलं, त्यांना माहीत नसेल. नवं कापड आलं की त्या ते खिडकीशी धरतात, जरासं तिरकं करतात आणि कुठे धागा सुटलाय ते शोधतात. लग्न होऊन आले तेव्हा मी कामधाम सोडून ते बघत बसायची. फोटोग्राफीची पुस्तकं मी पुष्कळ नंतर चाळली.

त्या मंगळवारी दुपारी मी कॅमेरा घेऊन पुढे आवराआवर करत होते. आईंना वाटलं, मी जेवायला वर गेलेय. मागून कापडाची सळसळ ऐकू आली म्हणून मी आडभिंतीच्या फटीतून डोकावले, आणि जागच्या जागी थिजले. आईंनी गिऱ्हाईकाचा पोशाख अंगावर चढवला होता! डाळिंबी रंगाचा, पायघोळ, चांगला दहा हात घेराचा. वय वर्षं एकाहत्तर, गुडघे दुखतात म्हणून जिना नको म्हणणारी बाई आरशासमोर गिरकी घेत होती. एक घेतली, दुसरी घेतली. खिडकीतला उजेड त्या घेरात भरला होता आणि आई तोंड उघडून, डोळे मिटून, आवाज न करता हसत होत्या. माझं बोट माझ्या आधी शहाणं झालं. एकच फोटो निघाला.

आणि तो फोटो, काय सांगू! मी मोठ्या कागदावर छापला आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना. वीस वर्षं हातात कॅमेरा आहे, पण असं काही माझ्या हातून झालं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत फोटो द्यायचा होता. सकाळीच मी मास्तरांकडे गेले. मास्तर म्हणजे ज्यांच्या स्टुडिओत मी काम शिकले ते. आता निवृत्त होऊन कुंड्यांना पाणी घालतात. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा काढला, परत लावला.

"पहिलं बक्षीस," ते म्हणाले. "डोळे मिटून."

मी तर हवेतच गेले.

"विचारलंस का त्यांना?"

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मास्तर, विचारलं असतं तर हा फोटो मिळाला असता का?"

"नसता."

"मग?"

"मग काय! आयुष्यभर मी त्याच प्रश्नापाशी अडून बसलोय. तो माझा हॉलमधला फोटो आठवतो का तुला?"

न आठवायला काय झालं? संघाच्या हॉलमध्ये दारासमोरच लावलाय. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसलेला एक माणूस, टोपी उडालेली, आनंदानं किंचाळतोय. मास्तरांचं पहिलं बक्षीस. तो फोटो बघूनच तर मी या धंद्यात पडले.

"त्या माणसानं त्या दिवशी आजारी आहे म्हणून रजा टाकली होती," मास्तर म्हणाले. "प्रदर्शनात त्याच्या साहेबानं फोटो बघितला. नोकरी गेली. महिन्याभरानं तो माझा पत्ता शोधत आला आणि म्हणाला, साहेब, फोटो झकास आलाय, पण आता मी खाऊ काय?"

"मग?"

"मग मी त्याला स्टुडिओत घेतला. बावीस वर्षं माझ्या डोक्यावर बसला."

"म्हणजे आपला डार्करूमवाला?"

"तोच. मला अजून टाकून बोलतो." मास्तर खो खो हसले आणि मग थांबले. "हे बघ, देऊ नकोस असं मी म्हणत नाही. माझ्या तोंडानं मी कसं म्हणणार? पण शिवणाऱ्या बाईनं गिऱ्हाईकाचा कपडा घातला, हे ज्याला दिसेल तो पुन्हा त्यांच्याकडे कापड टाकेल का, तेवढा विचार कर."

वाटेत मी मास्तरांना मनातल्या मनात लाखोली वाहिली. त्यांच्याकडे गेलेच नसते तर किती बरं झालं असतं! फॉर्म भरून तयार होता. पण घरी आले तर आई मशीनवर त्याच पोशाखाची किनार शिवत बसल्या होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी पाच वाजता मी फोटो त्यांच्यापुढे ठेवला.

आईंनी चष्मा सरसावला. "अगंबाई, मागची शिवण ओढली जातेय की! बरं झालं दिसलं." मग त्यांचं लक्ष चेहऱ्याकडे गेलं. मशीन थांबलं.

"चाळीस वर्षांत एकदा," त्या म्हणाल्या. "एकदाच घातला गं. आणि नेमकी तू तिथे टपून उभी!"

"चुकलं माझं, आई."

"माझंही चुकलंच." त्या फोटोवरून बोट फिरवत होत्या. "माझ्या लग्नात मी बहिणीचा पोशाख घातला होता. ती ही एवढी आडवी, मी काडी. मागून अकरा पिना लावल्या होत्या. हसले तर पिना सुटतील म्हणून दिवसभर श्वाससुद्धा जपून घेतला." मग मान वर करून एकदम म्हणाल्या, "किती छान दिसतेय गं मी!"

"मग देऊ ना स्पर्धेला? आई, पहिलं येईल, मास्तरच म्हणाले."

"नाही."

"चेहरा अंधारा करते."

"पोशाख तर ओळखू येईल ना? ती पोरगी तो घालून लग्नाला उभी राहायची आहे. तिच्याआधी तो भिंतीवर लागायचा? नाही म्हणजे नाही. कोणाला दाखवायचासुद्धा नाही."

मला रडूच कोसळलं. लाज सोडून रडले. चौथ्या वर्षीही हात हलवत परत यायचं! पण काय करणार, फोटोतली बाई समोर बसून नाही म्हणत होती. मी संगणकावरची प्रत त्यांच्यादेखत पुसली आणि कागदावरची एकुलती एक त्यांच्या हातात दिली.

"अगं, रडतेस काय? दुसरा काढ," आई म्हणाल्या. "आता विचारून काढ."

केस विंचरून, पदर नीट करून, दोन्ही हात मशीनवर ठेवून त्या बसल्या. मी चौदा फोटो काढले. चौदाच्या चौदा फोटोंत आई खांबासारख्या. त्यातला सगळ्यात ताठ त्यांनी पसंत केला. "हा. यात मी कामाची दिसते." सहाला पाच कमी असताना मी तो संघात पोचवला, आणि घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

यंदा उत्तेजनार्थही मिळालं नाही. मास्तरांनी फोटो बघून फक्त माझी पाठ थोपटली आणि हसू दाबत पुढे गेले.

प्रदर्शन चार आठवडे चाललं. आई शेवटच्या दिवशी आल्या आणि आपल्या फोटोशेजारी तशाच ताठ उभ्या राहिल्या. तेवढ्यात ती डाळिंबी पोशाखवाली पोरगी नवऱ्याला घेऊन समोर हजर! लग्न होऊन पंधरा दिवस झाले होते. "अय्या, मावशी, तुम्ही?"

"ये गं. तुला एक सांगायचंय," आई म्हणाल्या. "तुझा पोशाख मी आधी एकदा घालून बघितला होता. चुकलं माझं."

मी मागून आईंचा पदर ओढला. पोरगी दोन क्षण बघत राहिली. मग तिचे डोळे चमकले. "गिरकी घेतलीत की नाही? मी तर घरी नेल्या नेल्या घेतली!"

आईंनी पर्स उघडली. त्यातून रुमालात गुंडाळलेला तो फोटो काढला.

"आई!" मी ओरडलेच. "कोणाला दाखवायचा नाही म्हणालात ना?"

"तू दाखवायचा नाही, म्हटलं. माझा आहे, मी दाखवीन."

पोरगी फोटो बघून किंचाळली. नवरा डोकावला. मग शेजारचे दोघे आले, मग वर्तमानपत्रवाले, मग खुद्द परीक्षक. पहिल्या बक्षिसाच्या फोटोसमोर चिटपाखरू नव्हतं.

"कोणी काढला हा?" परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या सुनेनं," आई म्हणाल्या. आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "न विचारता!"

मी मान खाली घातली, पण हसू काही आवरेना.