सगळे घरी आहेत, सगळे बरे आहेत

फुकट ते पौष्टिक म्हणणाऱ्यांतला मी नाही. तीस वर्षं कुलपं दुरुस्त करतोय, आणि घर धुऊन नेणारा माणूस आधी गोड बोलतो, एवढं मला कळतं. म्हणून बायकोच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं आणि इस्पितळाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "काका, तुम्हाला काही भरायचं नाही, सगळं सरकारी आरोग्य विम्यातून होणार," तेव्हा माझे कान टवकारले.

"कुठंतरी पाणी मुरतंय," मी म्हणालो.

"अहो, दर महिन्याला तुमच्या कमाईतून वर्गणी कापली जाते ना? सगळ्यांचीच जाते. ज्याला दुखणं येतं त्याच्यासाठी ती वापरतात."

"आणि ज्याला येत नाही तो मूर्ख?"

"तो नशीबवान!"

मी अर्जाची ओळ न् ओळ वाचली. मागची कोरी बाजू उजेडात धरून बघितली. रांगेतलं कुणीतरी ओरडलं, "मृत्युपत्र करताय का हो?" करू दे चेष्टा. सही माझी जाणार होती, त्याची नाही.

सोमवारी बायकोला दाखल केलं. ऑपरेशन गुरुवारी. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "झडप पार निकामी झालीय. आता एक आठवडाही थांबणं धोक्याचं आहे."

मंगळवारी तिची शाल आणायला घरी आलो, तर फोन वाजला. एका बाईचा आवाज, अगदी मधाळ.

"आरोग्य विम्याच्या कार्यालयातून बोलतेय. तुमच्या पत्नी इस्पितळात आहेत का?"

आमच्या घरात एक कायदा आहे. अनोळखी आवाजानं काहीही विचारलं, तरी उत्तर एकच: सगळे घरी आहेत, सगळे बरे आहेत. उगाच नाही केला हा कायदा. "आजोबा अजून इस्पितळातच का हो?" अशी फोनवर मायेनं चौकशी होते, भाबडी माणसं हो म्हणतात आणि परत येऊन बघतात तर कपाटं उघडी. मग नवं कुलूप बसवायला मी जातो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हे वाक्य मी बायकोकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं.

"छे हो," मी म्हणालो. "ती घरीच आहे. धडधाकट आहे."

"त्यांचं ऑपरेशन आहे ना?"

"कसलं ऑपरेशन? तिला साधी शिंक येत नाही!" फोन ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन शालीची घडी केली.

बुधवारी सकाळी कारकून धावतच आला. "काका, काय सांगितलंत फोनवर? मंजुरी थांबवलीय!"

काही इस्पितळं म्हणे चांगल्या माणसांना कागदावर आजारी दाखवून विम्याचे पैसे उकळतात. म्हणून कार्यालयातून घरी फोन करून खात्री करतात. आता माझी बायको त्यांच्या लेखी खोटी रोगी होती. दुपारी तपासनीस बाई येणार. त्यांची खात्री पटली नाही, तर उद्याची पाळी दुसऱ्याची. हिची पुढची सहा आठवड्यांनी.

स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता मी, आणि पाय तिचा होता.

तपासनीस बाई आल्या. हसल्या नाहीत, बसल्या नाहीत. आधी बायकोच्या मनगटावरची पट्टी वाचली, मग खाटेचा नंबर, मग पुन्हा पट्टी. मी कुलपावरचे ओरखडे असेच बघतो. बाई मला पटल्या, आणि त्यांची भीतीही वाटली.

"हे सगळे रिपोर्ट बघा ना, मॅडम," मी फाइल पुढे केली.

"कागद कुणीही बनवतं. मला यांच्या तोंडून ऐकायचंय." त्या बायकोकडे वळल्या. "तुम्हाला काय त्रास होतो?"

बायकोनं त्या अनोळखी चेहऱ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मला? काही नाही. मी बरी आहे. आमच्याकडे सगळे बरे आहेत."

बाईंचं पेन थांबलं. "यांना कुणी पढवून ठेवलंय?"

"मीच!" मी ओरडलो. अख्खा वॉर्ड बघायला लागला. "मीच पढवलंय, पण चोरांसाठी हो, तुमच्यासाठी नाही!"

"तुम्ही गप्प बसा."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. दार उघडण्याआधी बघते तसंच. "अहो, सांगू?"

"सांग गं बाई. सगळं सांग."

आणि तिनं सांगितलं. तीन वर्षं जिना चढताना ती मधेच बसते. मला झोप लागली की भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपते, कारण आडवं झालं की जीव गुदमरतो. दोनदा स्वयंपाकघरात कोसळली. शेजारच्या वहिनींनी उचललं, आणि त्यांना हिनं शपथ घातली, ह्यांना सांगू नका.

मला ठाऊक होते ते फक्त गेले दोन महिने.

रोज दुकानातून आलो की मी विचारायचो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी आहे." चोरांना द्यायचं उत्तर ती मला देत होती, तीन वर्षं. मला इतकी लाज वाटली की खाटेची कड धरून उभा राहिलो.

बाईंनी सगळं लिहून घेतलं, सही केली. "उद्या होईल ऑपरेशन. आणि काका, पुढच्या वेळी आमचा फोन आला तर खरं सांगा."

"आधी तुमचं ओळखपत्र दाखवा," तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी काढून दिलं. मी दोन्ही बाजू वाचल्या.

गुरुवारी सकाळी तिला आत नेताना ऑपरेशनच्या खोलीपाशी स्ट्रेचर क्षणभर थांबलं. सवयीनं मी विचारलं, "बरी आहेस ना?"

तिनं माझं बोट घट्ट धरलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मला खूप भीती वाटतेय."