आईचं इकडे, काकूचं तिकडे

रफू करणाऱ्या बाईला खरी शाबासकी कोणती, तर गिऱ्हाइकाने कपडा उलटासुलटा करून पाहावा, उजेडात धरावा आणि शेवटी हात टेकून विचारावं, "अहो, फाटलं होतं कुठे?" लाँड्रीच्या काचेमागे बसून काकूने ही शाबासकी इतक्यांदा ऐकली होती की आता ती मान वरसुद्धा करत नसे. केलेलं काम दिसता कामा नये, हा तिचा धर्म. दुकानात त्याने तिचं भलं केलं. पण माणूस दुकानातली सवय दुकानातच टांगून घरी येतो थोडाच?

काकू म्हणजे कुणाची काकू नव्हे. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा नवऱ्याची पहिली बायको जाऊन वर्ष उलटून गेलं होतं आणि मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती. "ह्या आता आपल्याकडे राहणार," असं वडिलांनी सांगितलं, तर पोरीने हिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पण ह्या काकू झोपणार कुठे?" ते नाव चिकटलं ते चिकटलंच. सावत्र आई म्हणवून घेण्यापेक्षा काकू काय वाईट, असं तिनेही मनाशी म्हटलं. आई म्हणवून घ्यायची हौस तिला नव्हती असं नाही. पण मागून मिळणारी ती वस्तू नव्हे, एवढं तिला कळत होतं.

मुलीला घरात बुटुक म्हणत. हे नाव टीव्हीवरून आलेलं. 'उलटी होडी' नावाची एक मालिका लागायची. नदीकाठी पालथ्या पडलेल्या होडीखाली पाणमांजरांचं कुटुंब राहतं. बाप धांदरट, आई खमकी, पोरं ढीगभर, आणि त्यातलं सगळ्यांत धाकटं बुटुक, त्याला पाण्याचीच भीती. दर रविवारी संध्याकाळी आई, बाबा आणि मुलगी एकाच दुलईत पाय खुपसून ती मालिका बघत. मुलीपेक्षा आईलाच तिचं वेड जास्त. आधी पाणमांजराचा कप आला, मग टॉवेल, मग साबणाची डबी, मीठदाणी, भिंतीवरचं घड्याळ, दिव्याची टोपी, आणि ती दुलई. दुकानात पाणमांजर दिसलं की तिचा पाय पुढे पडायचा नाही, असं नवरा कधीमधी सांगायचा. मग आजारपण आलं. बाई गेली आणि पाणमांजरं तेवढी मागे राहिली.

काकूने घरात पाऊल टाकलं तेव्हाच मनाशी गाठ बांधली, की या पोरीच्या आईचं या घरातून काही म्हणजे काही कमी होऊ द्यायचं नाही.

आणि पहिल्याच हिवाळ्यात तिच्या हातून कप फुटला.

साबणाचा हात, दुसरं काय. कप मोरीत आपटला आणि त्याचे तुकडे झाले. मुलगी शाळेत, नवरा कामावर. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांना वरखाली पोचवायचा आणि घरी आला की स्वतः खुर्चीत जाम व्हायचा. त्याला सांगितलं असतं तर "जाऊ दे गं, कपच तर आहे" म्हणाला असता आणि विसरून गेला असता. पण पोर? सावत्र आईने आईचा कप फोडला, ही गोष्ट पोरीच्या डोक्यात एकदा बसली की ती कुठल्या साबणाने निघणार? काकू तशीच बाहेर पडली, बाजार पालथा घातला आणि संध्याकाळच्या आत तस्साच कप घेऊन आली. जुन्या कपावर बाप पाणमांजराच्या कानाला एक ओरखडा होता. तिने रफूची सुई काढली, जुना तुकडा शेजारी ठेवला आणि नव्या कपाच्या कानावर तसाच ओरखडा पाडला. मुलगी आली, दूध प्यायली, मिशा पुसल्या आणि खेळायला गेली. काकूला त्या दिवशी जे समाधान झालं ते सांगून कुणाला पटायचं नाही.

एकदा जमलं म्हटल्यावर मग काय! टॉवेल विरले, तर तिने नवे आणले आणि लाँड्रीत सोड्याच्या पाण्यात उकळून उकळून त्यांना जुने केले. साबणाची डबी तडकली, तीही बदलली. घड्याळ बंद पडलं, तेही. मालिका संपली आणि दुकानांतून पाणमांजरं हद्दपार झाली, तेव्हा ती भंगारवाल्यांकडे आणि जुन्या सामानाच्या बाजारात हिंडू लागली. मीठदाणीचं झाकण एकीकडून, बूड दुसरीकडून, असंही केलं. चोर जितक्या सावधपणे घरातून वस्तू नेतो, तितक्या सावधपणे ती घरात वस्तू आणायची. शिवाय मुलीच्या दर वाढदिवसाला ती उघडपणे पाणमांजराची एक नवीन वस्तू द्यायची. पडदे झाले, पायपुसणं झालं, स्वयंपाकाचा एप्रन झाला. मुलगी "छान आहे" म्हणायची. जेवढ्यास तेवढं. हे काकूचं, ते आईचं, असा हिशेब पोरीच्या मनात पक्का होता, आणि तो तसाच राहावा म्हणून तर काकूची सगळी धडपड.

एक दुलई तेवढी बदलता आली नाही. ती पुन्हा कुठे मिळालीच नाही. विरली तिथे काकू रफू करत गेली, पुन्हा विरली, पुन्हा रफू. शेवटी शेवटी कापड इतकं जुनं झालं की हात कितीही सफाईदार असला तरी काम दिसायचं. काकूला त्या दुलईची लाजच वाटायची. घरात कुणी आलं की ती घडी घालून उलटी ठेवायची.

होता होता बुटुक बापापेक्षा उंच झाली, शिकली आणि तिला दुसऱ्या गावी इस्पितळात नोकरी लागली. एक खोली मिळाली होती, भिंती पांढऱ्या आणि आत काही नाही. निघायच्या दिवशी दुपारी तिने जेवणघरात जमिनीवर फतकल मारली, समोर खोकं ओढलं आणि म्हणाली, "काकू, मी आईच्या तेवढ्या वस्तू नेते हं. तुमच्या तुम्हाला राहू देत. नाहीतर घर अगदीच ओकंबोकं दिसेल."

"ने की. तुझंच आहे," काकू म्हणाली.

मुलीने वाटणी सुरू केली. आईचं इकडे, काकूचं तिकडे. तिला विचार करावा लागतच नव्हता. कप इकडे, पडदे तिकडे. टॉवेल इकडे, एप्रन तिकडे. मीठदाणी हातात घेऊन तिने उगाच हलवली आणि कागदात गुंडाळली. काकू ओट्याला टेकून बघत होती. एक एक वस्तू खोक्यात जाताना तिला ती कुठल्या बाजारात, कुठल्या उन्हात सापडली ते आठवत होतं. त्या सगळ्या ढिगात तिला त्या गेलेल्या बाईचा हात लागलेलं काहीच दिसेना. हे तिला कधी जाणवलंच नव्हतं. एकेक धागा बदलताना आख्खं कापड कधी बदलून गेलं, ते करणाऱ्यालाच कळलं नव्हतं.

मुलीने कप शेवटी ठेवला. ठेवता ठेवता त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि मान वर न करता म्हणाली, "काकू, मी हे कधी म्हटलं नाही. पण तुम्ही आईचं सगळं किती जपलंत. दुसरं कुणी असतं ना, तर केव्हाच टाकून दिलं असतं. मी तिकडे मैत्रिणींना सांगते, माझी काकू अशी आहे."

माझी काकू! इतकी वर्षं कान लावून बसल्यावर हे ऐकायला आलं होतं. काकूचे डोळे भरून आले. आता गप्प बसलं की झालं, असं तिला वाटलं. आणि ती गप्प बसलीही असती. देवाशपथ बसली असती.

पण मुलीने दुलई उचलली, उजेडात धरली आणि तिकडच्या ढिगावर ठेवली.

"अगं, ती तुझ्या आईची."

"ही? हिच्यावर तर सगळं तुमचंच रफू आहे. असू दे काकू. आईचं सगळं कसं धड आहे बघा. हे फाटकं कशाला नेऊ? पायपुसण्याला होईल तुम्हाला."

काकूने ओटा घट्ट धरला. एवढी एकच खरी वस्तू, आणि तिचं पायपुसणं व्हायचं होतं. तेही आपल्याच खोट्या कौतुकापायी? ती खाली बसली. आयुष्यात केलेलं काम कुणाला दाखवायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करायची तेच तिला कळेना.

"हे बघ," तिने दुलईची कड उलटी केली. "इथे कड अरुंद झालीये, दिसतंय? मी इथलेच धागे काढून रफू केलंय. बाहेरचा एक धागा घातलेला नाही. ही सगळीच्या सगळी तिचीच आहे. ही तू ने."

"बरं, बरं. रडताय काय? नेते. खोक्यात जागा नाहीये पण..."

"खोक्यातलं राहू दे."

"म्हणजे?"

"खोक्यातलं मी आणलेलं आहे. फुटलं, तुटलं तसं आणत गेले. तुला वाईट वाटू नये म्हणून."

मुलगी हसली. आधी तिला ती थट्टाच वाटली. मग तिने खोक्यात हात घालून कप काढला. "काहीतरीच काय! हा तर आईचाच. हा ओरखडा बघा. माझ्या हातून पडला होता. आई रागावली नव्हती. म्हणाली होती, बापाचा कान पिरगळलास होय गं! मला पक्कं आठवतंय."

"तो कप माझ्या हातून फुटला. हा ओरखडा मी पाडलाय. सुईने."

मुलीने कप उजेडात धरला. तिचा चेहरा रागाचाही नव्हता. जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा झाला होता.

"मग मी इतकी वर्षं कुणाच्या कपातून दूध पीत होते?"

याचं उत्तर काकूला ठाऊक होतं. रोज सकाळी ते दूध तिनेच तापवलं होतं. पण ते उत्तर तिच्या तोंडून यायचं नव्हतं, आणि मुलीच्या तोंडून आलं नाही.

मग मुलीने खोकं रिकामं केलं. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. तिने एकेक वस्तू कागद सोडवून, जपून, न आपटता तिकडच्या ढिगात ठेवली. टॉवेलाची मोडलेली घडी पुन्हा घातली. परक्याच्या घरात वस्तूंना हात लावावा तशी. शेवटी दुलई उचलून तिच्यात नाक खुपसलं. वास लाँड्रीच्या साबणाचाच आला असणार, दुसरा कुठून येणार!

"तुम्ही सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "फुटलं तेव्हाच. मी रडले असते. पण मला कळलं तरी असतं की फुटलं."

काकूने मान हलवली.

नवरा आला तोवर मुलगी हातपाय धुऊन, बॅग घेऊन तयार होती. पाया पडली नाही, गळ्यात पडली नाही, "येते काकू" म्हणाली. तेही वडिलांसमोर म्हणायचं म्हणून असेल. दुलई तिने हातावर घेतली होती. बाप तिला गाडीत बसवायला गेला. काकू गॅलरीत उभी राहिली. मुलीने कोपऱ्यावर वळताना वर पाहिलं नाही.

नवरा परत आला तेव्हा काकू जमिनीवरच्या वस्तूंमध्ये बसली होती. कुठली वस्तू कुठे ठेवायची ते तिला सुचत नव्हतं. त्याने चपला काढल्या, खुर्चीत अंग टाकलं आणि म्हणाला, "गाडीत चांगली जागा मिळाली तिला. बोलली नाही फारसं. जायचं दुःख असणारच. काय काय नेलं गं तिने?"

"तिच्या आईचं होतं तेवढं सगळं नेलं."

"छान केलं. तू इतकं जपलंस, म्हणून तर न्यायला मिळालं." मग त्याचं लक्ष जमिनीवर गेलं. कप, घड्याळ, टॉवेल, मीठदाणी. "आणि मग हे?"

काकूने कप उचलला, पदराने पुसला आणि मांडीवर ठेवला.

"हे माझं," ती म्हणाली.

"एवढं सगळं?"

"हो. एवढं सगळं."