आंतरपाट दूर झाल्यावर

आंतरपाट दूर होताच नवरदेवाचे भरून आलेले डोळे कॅमेऱ्यात टिपावेत, तर ते कुंभार पिंपळगावच्या भुजंग फोटोग्राफरनंच. त्यासाठी तो नवरीच्या मामाला रेटून तिच्या पाठीमागं उभा राहायचा. नवरीचा फोटो काय, कुणीही काढतं. रडणारा नवरदेव मात्र मोबाईलवर गावोगाव फिरतो, असं तो ठणकावून सांगायचा. राधेश्याम नावाच्या एका नवरदेवाचा रडतानाचा फोटो तर त्यानं मोठा करून दुकानाच्या दारावरच लावला होता.

वर्षभरानं त्याच दारात राधेश्याम येऊन उभा राहिला. त्याची बायको शिवकन्या बाळंतपणात गेली होती.

"भुजंगदादा, त्या टायमाला डोळ्यात पाणी आल्तं, ती बराबर दिसलीच न्हाई मला," तो म्हणाला. "आंतरपाट निघाल्यावर हसल्ती का वो ती?"

भुजंगनं त्या लग्नाचे सगळे फोटो उघडले. एकेका फोटोत राधेश्याम रडत होता, अन् त्याच्यासमोर शिवकन्येचा नुसता अंबाडा होता. त्यातली एक शेवंती सुटून लोंबत होती.

"थांब, बघून राह्यलो," भुजंग म्हणाला, अन् पुन्हा पहिल्या फोटोपासून बघू लागला.