बारान्युकांचं पान

"नियम म्हणजे नियम, बाई," पुस्तकाचं काम पाहणारा वेंडल क्रोग म्हणाला. "ज्याचं घराणं त्यानं आपलं पान लिहून द्यायचं. मा सूनचं घराणं आहे कुठं गावात?"

टेल्बर्गच्या सभागृहात गावाच्या इतिहासाच्या पुस्तकाची पानं टेबलांवर मांडली होती. आत स्वयंपाकघरात बाया सुगीच्या गावजेवणासाठी टर्की पक्षी भाजत होत्या. स्टेफा बारान्युकनं सगळी पानं तीनदा उलटून पाहिली. धान्याचं कोठार होतं, हॉकीचा चषक होता, क्रोगांच्या बक्षीसवाल्या वळूचा अर्ध्या पानाचा फोटो होता. चाळीस वर्षं स्टेशनासमोर खानावळ चालवणारा चिनी मा सून कुठंच नव्हता.

स्टेफाची कानशिलं तापली. शिक्षिकेची नोकरी कधीच सुटली होती, सत्तरी उलटली होती, तरी आवाज वर्गातलाच होता.

"घराणं विचारतोस? चिनी म्हणून त्याच्या बायकोला या देशानं येऊ दिलं नाही. कायदा बदलण्याआधीच ती चीनमध्ये मेली."

"तो कायदा काय मी केला?"

"नाही. पण सत्तेचाळीसच्या हिमवादळात तुम्हा एकोणीस पोरांना दोराला धरवून मी शाळेतून त्याच्याकडं नेलं. कुणाच्या घरचे म्हणून विचारलं त्यानं? तीन दिवस जेवू घातलं. तू त्याच्या गादीवर सूप सांडलंस आणि तिथंच झोपलास. तो खुर्चीत बसून राहिला."

"बाई, लोकांसमोर कशाला..."

"लोकांसमोरच! वळूला बरी जागा मिळाली तुझ्या पुस्तकात."

"वळूचं घराणं मोठं आहे ना, बाई!" बटाटे सोलणारी एक जण दारातून ओरडली. बाया हसल्या. वेंडल लालबुंद झाला.

"पानं मोजून ठरलीत. उद्या सकाळी छापखान्यात जायचीत. आता एकही वाढणार नाही."

स्टेफानं बारान्युकांचं पान ओढलं. वसंतात वारलेल्या नवऱ्याचा, पेत्रोचा ट्रॅक्टरवरचा फोटो, खाली तिनं महिनाभर खपून लिहिलेला मजकूर. फोटो अलगद सोडवून तिनं पर्समध्ये ठेवला. मजकुरावर काट मारली.

"आमच्या पानावर काय लिहायचं ते आम्ही ठरवायचं. हाच ना नियम?"



पान उलटून तिनं कोऱ्या बाजूवर ठळक लिहिलं: 'बारान्युक घराणं'. खाली पहिली ओळ: 'मा सून, आमच्या घरचा माणूस.'

"खुर्ची दे," ती म्हणाली. "तीन दिवसांचं लिहायचंय. आणि तुझ्या सुपासकट लिहिणार आहे."