लावल्यावर सांगीन

मी एक जुनी अत्तराची कुपी आहे. मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. माझ्या काठाचा टवका उडाला आहे आणि तळाशी तपकिरी डाग आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण एके काळी सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत मी दिव्यापुढे अशी काही चमकत होते की येणारीजाणारी माणसं थबकत.

उत्तरेकडच्या कुठल्याशा भट्टीत माझा जन्म झाला. मला फुंकणाऱ्या कारागिराच्या श्वासाची ऊब तेवढी आठवते. पुढे एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने माझ्यात हिना अत्तर भरलं, वर काचेचं बूच बसवलं आणि मला जत्रेत मांडलं. तिथे आले वेणीमाधवराव. गिरणीच्या कचेरीत कारकून, लग्न नुकतंच झालेलं. अत्तरवाल्याने त्यांच्या मनगटावर थेंब लावला.

"लेको जाव साब," तो म्हणाला. "जित्ता पुराना, उत्ता मीठा."

वेणीमाधवरावांनी मला दक्षिण कसब्यातल्या आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि बायकोच्या, अनसूयेच्या, हातावर ठेवलं. "लावून बघ. कसं आहे ते सांग."

तिने मला उजेडात फिरवून पाहिलं. डोळे कसे लकाकले तिचे! पण म्हणाली, "आत्ता? चुलीपुढे? सणावाराला लावीन की. लावल्यावर सांगीन."

मग सण आले. दिवाळीत तिला वाटलं, तेल-उटण्याच्या वासात हे कुणाला कळणार? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटलं, इतक्या बायकांत एका दिवसात संपून जाईल. बायकांसाठी तिने बाजारातून साधं अत्तर आणलं. धाकट्या भावाच्या लग्नाला मला ट्रंकेत घालून माहेरी जेऊरला नेलं. मी आगगाडीने जाऊन आले, पण माझं बूच काही हललं नाही.

गिरणीचा भोंगा झाला की वेणीमाधवराव घरी येत, कोट खुंटीला अडकवत आणि चहा पिता पिता चिडवत, "काय, निघाला का मुहूर्त?"

"निघेल की," ती हसून म्हणे.

शेजारची नागव्वा तर स्पष्टच बोलायची. "अक्का, ठिवून ठिवून लोणचं घालतीस व्हय गं त्याचं? लाव की एकदा!"

अनसूया मला पदराने पुसायची, क्षणभर गालाला लावायची आणि पुन्हा फडताळात ठेवायची. एवढं जपणं कुणाच्या वाट्याला येतं? मला फार बरं वाटे. अत्तर कशासाठी असतं, याचा मलाच विसर पडला होता.

मुलगी झाली, शकुंतला. ती चालायला लागली त्या वर्षी वेणीमाधवरावांना विषमज्वर झाला आणि त्यातून ते उठले नाहीत. अनसूयेच्या कपाळावरचं कुंकू गेलं. आता अत्तर तिला चालणारं नव्हतं. तिने मला एका खणात गुंडाळलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. त्या दिवशी तिने मला पुसलं नाही.

मित्रांनो, अंधारात किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही. बूच घट्ट होतं, तरी कुणी न लावताच मी अर्ध्यावर आले.

मग शकुंतलेचं लग्न ठरलं. आईचा शालू शोधताना तिच्या हाताला मी लागले. बूच चिकटून बसलं होतं. तिने गरम पाण्यात फडकं भिजवून माझ्या गळ्याभोवती धरलं, हळूहळू फिरवलं, आणि ते निघालं. नवी असताना माझा वास जरा उग्रच होता. आता तो मुरांब्यासारखा मुरला होता. अत्तरवाला खोटं बोलला नव्हता. पोरीने मनगटाला लावलं, कानामागे लावलं, वेणीला लावलं, तरी तिचं समाधान होईना.

"आई, इतकं सुंदर अत्तर, आणि तू दडवून ठेवलंस?"

अनसूया तांदूळ निवडत होती. वास तिच्यापर्यंत गेला आणि तिचा हात सुपातच थांबला.

"हात पुढे कर," शकुंतला म्हणाली.

"मला चालत नाही, बाळ. लोक काय म्हणतील?"

"इथे कोण आहे बघायला?"

अनसूयेने उघड्या दाराकडे पाहिलं. ती उठली, दार लोटून आली आणि हात पुढे केला. शकुंतलेने एक थेंब लावला. अनसूयेने मनगट नाकाशी नेलं आणि कितीतरी वेळ तसंच धरून ठेवलं. मग त्या रिकाम्या खुंटीकडे बघत ती म्हणाली, "छान आहे हो. फार छान आहे."

थोड्या वेळाने अनसूयेने मोरीत जाऊन राखेने हात घासून घासून धुतला, आणि मगच दार उघडलं.

आता मी शकुंतलेच्या सासरी कोनाड्यात असते. रिकामी आहे, पण ती मला रोज पुसते. मित्रांनो, काचेच्या वस्तू जपाव्यात, पडू देऊ नयेत, हे तुम्हाला सगळे सांगतात. मी एवढंच मागते, की कुणी हौसेने तुमच्यासाठी काही आणलं आणि "कसं आहे?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर त्याच दिवशी द्या.