खालची बाजू

"सोडा ना जी तिकून! का दातानं ओढू?"

गिरजाबाई बाजेवरून बोलली आणि तेवढ्यानंच तिला धाप लागली. इसरूने वेताची ओली पट्टी सैल सोडली. पलीकडून ती हळूहळू ओढली गेली, मग छोटासा हिसका आला. मिळाली, आता पुढची सोडा, असा त्याचा अर्थ.

लग्न झाल्यापासून दोघं असंच विणत आली होती. खुर्ची दोन खोक्यांवर ठेवायची. इसरू वर, गिरजा खाली. तो भोकातून पट्टी द्यायचा, ती ताणून दुसऱ्या भोकातून वर पाठवायची. टोकांच्या गाठीही तीच मारायची. नागभीडच्या कितीतरी खुर्च्या त्यांनी अशा भरल्या. आता तिला उठवत नव्हतं. पोटात गाठ होती, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं. म्हणून इसरूने खुर्चीच आडवी करून बाजेला टेकवली होती, बूड तिच्याकडे.

खुर्ची जुनी, सागाची, उंच पाठीची. जंगलातल्या विश्रामगृहात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांच्या खुर्च्या आल्या, तेव्हा ही मागच्या अंगणात फेकली गेली. एक पाय मोडलेला, बैठक फाटलेली, एका हाताला वाळवी. इसरूने ती मागून घेतली आणि सायकलला बांधून आणली.

"कोणाची हाये?" गिरजाबाईने पडल्या पडल्या विचारलं होतं.

"आपलीच."

ती हसली. "साऱ्या खुर्च्या म्या खालूनच पाह्यल्या. एकदा वर बसून पाहू द्या मले."

त्याने नवा पाय बसवला, वाळवी खरवडली, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. विणायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली, "दुसरं कोणी नाई. मीच ओढीन."

सुरुवातीला चौकट मोकळी होती, तिचा सारा चेहरा दिसायचा. उभ्या पट्ट्या झाल्या, आडव्या झाल्या, तिरप्या सुरू झाल्या. चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसू लागला. एक डोळा. कपाळावरचं गोंदण. हिसका उशिरा यायचा, कधी येतच नसे. पट्टी ताणली जात नव्हती, ते इसरूच्या बोटांना कळत होतं.

"ढिली राह्यली का जी?"

"नाई. चांगली तंग हाये."

"लबाड बोलून राह्यले तुमी."

शेवटची पट्टी तिने ओढली, पण गाठ काही जमेना. "उद्या बांधीन," ती म्हणाली.

सकाळी इसरू पेज घेऊन गेला. ती उठली नाही.

बुद्धवंदना झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. चहावाला अयूब जुनं गिऱ्हाईक, तो भेटायला आला. उभ्या केलेल्या खुर्चीच्या बैठकीवर त्याचा हात सहज गेला.

"इसरूभाऊ, इकून ढिली हाये ना. उकलून पुन्हा भर. बसलं का झोल येईन."

"राहू दे अयूबभाई."

"काऊन? तुह्या हातची खुर्ची अन् अशी?"

"माह्या हातची नाई."

अयूबने बैठकीवरचा हात काढून घेतला. थोडा वेळ बसला, जमिनीवरच, आणि गेला.

इसरूने खुर्ची पुन्हा आडवी करून बाजेला टेकवली. नेहमीच्या जागी मात्र तो बसला नाही. पलीकडे गेला, रिकाम्या बाजेवर आडवा झाला. समोर खुर्चीचं बूड होतं. बारीक, एकसारख्या गाठी. मग सैल होत गेलेल्या. खाली एक टोक तसंच लोंबत होतं.

त्याने ते बोटांत धरलं आणि छोटासा हिसका दिला.

पलीकडून कोणी पट्टी सोडली नाही.